बेसमेंटमधला रॉकेलचा वास: आधी तपास, मग खोदकाम

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. घर १९५७ सालचं, चार वर्षांपूर्वी घेतलं. हीटिंग अजून ऑइलवर आहे आणि तेलाची टाकी मागच्या अंगणात जमिनीखाली आहे. घर घेताना 'टाकीची टेस्ट पास' असा एक कागद मिळाला होता. ऑक्टोबरपासून सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्यांची खोली बेसमेंटमध्ये आहे. मार्चमधल्या मोठ्या पावसानंतर त्या म्हणाल्या, 'अगं, खाली रॉकेल सांडलंय का?' आता मलाही वास येतो. सम्पच्या, म्हणजे बेसमेंटमध्ये झिरपलेलं पाणी जमा होतं त्या, खड्ड्यातल्या पाण्यावर रंगीत तवंग आहे. यंदा तेलही जास्त लागलं. बॉयलरच्या सर्व्हिसला आलेला माणूस म्हणाला, टाकी गेली. त्याने सुचवलेल्या कंपनीचा माणूस दुसऱ्याच दिवशी करार घेऊन हजर, पुढच्या आठवड्यात खोदू म्हणाला. माझे मिस्टर म्हणतात, कुणाला काही बोलायचं नाही, दोन वर्षांनी घर विकू. आमच्या ग्रुपवर कुणी म्हणतं, टाकीत वाळू भरून मोकळे व्हा. आणि टाकीच्या वरच माझा मेथी-कोथिंबिरीचा वाफा आहे! खरंच गळती आहे का, हे कसं कळणार? सरकारला कळवावंच लागतं का? इन्शुरन्स देईल का?"

प्रिय ताई,

आधी सासूबाईंची खोली वर हलवा. आज रात्रीच. बाकी सगळं उद्यापासून. वास टाकीचा असो वा बॉयलरचा, तेलाची वाफ भरलेल्या खोलीत रोज आठ-दहा तास झोपणं कुणालाच बरं नाही. डोकं दुखणं, मळमळ, घशात खवखव यांपैकी काही होत असेल तर डॉक्टरांना 'घरात तेलाचा वास आहे' हे स्पष्ट सांगा. बेसमेंटची खिडकी उघडून पंखा लावाल तो हवा आत फेकणारा लावा. हवा बाहेर ओढणारा पंखा लावला तर बेसमेंटमधला दाब कमी होतो आणि फरशीच्या फटींतून जमिनीतली वाफ आणखी वर ओढली जाते.

दुसरं, सम्पचा पंप बाहेर कुठे पाणी टाकतो ते पाहा. अंगणात किंवा रस्त्याच्या गटारात टाकत असेल तर तो तूर्त बंद करा. तेल असलेलं पाणी बाहेर टाकणं म्हणजे खड्ड्यातलं प्रदूषण आपल्या हाताने ओढ्यापर्यंत नेणं. फक्त तेल शोषणारे पांढरे पॅड हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. तवंगाचे फोटो काढून झाले की ते पाण्यावर टाका आणि वापरलेले पॅड बंद पिशवीत ठेवा. पाणी चढत असेल तर ते उपसून नेणारी कंपनी बोलवावी लागेल. साबण किंवा डिटर्जंट ओतू नका, त्याने तेल जात नाही, पाण्यात मिसळतं आणि मग काढायला अवघड होतं.

मेथी-कोथिंबीर यंदा कुंड्यांत लावा. वाफ्यातली सध्याची भाजी खाऊ नका आणि निकाल येईपर्यंत तिथली माती उकरू नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न. गळतीचा संशय येणं आणि गळती सिद्ध होणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते कापायला फावडं लागत नाही. मी भूजलाच्या तपासणीचं काम करतो. एवढ्या काळात पाहिलेली बहुतेक महागडी प्रकरणं खोदायच्या घाईने किंवा लपवायच्या घाईने महाग झालेली आहेत. तुमच्या घरात या दोन्ही घाया एकाच वेळी चालू आहेत. एक माणूस पुढच्या आठवड्यात खोदायला निघालाय, दुसरा दोन वर्षं गप्प बसायला. दोघांनाही थोडं थांबवा.

आपल्याकडे घर गरम करायला तेल जाळायची पद्धतच नव्हती, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. इथे कोळसा मागे पडला तशी ईशान्येकडच्या राज्यांत घराघरांत तेलाची भट्टी आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं उभी राहिली तेव्हा ५५० किंवा १,००० गॅलनची साध्या पोलादाची टाकी अंगणात पुरणं ही नेहमीची गोष्ट होती. हे तेल म्हणजे जवळजवळ डिझेलच, कर वेगळा म्हणून त्यात लाल रंग घातलेला असतो. पोलाद बाहेरून ओल्या मातीने गंजतं. आतूनही गंजतं, कारण हवेतला ओलावा टाकीत थेंब होऊन साचतो, पाणी तेलापेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि तिथेच टाकीला खातं. वर्षानुवर्षं मोजपट्टी जिथे आपटते त्या फिल पाइपच्या (तेल भरायच्या नळीच्या) खालच्या जागी बऱ्याचदा पहिलं भोक पडतं. पेट्रोलपंपांच्या जमिनीखालच्या टाक्यांसाठी केंद्र सरकारने १९८८ मध्ये कडक नियम केले, पण आपल्याच घरात जाळायच्या तेलाची टाकी त्यांतून वगळली. म्हणून तुमच्या टाकीकडे कुणी दरवर्षी येऊन पाहत नाही. विकणाऱ्याने दिलेली 'पास' टेस्ट ही त्या एका दिवसाची गोष्ट होती. कधीकधी गंजाचा पोपडा किंवा चिकणमाती भोकावर घट्ट बसलेली असते आणि टाकी टेस्टमध्ये पास होते.

तपास घराच्या आतून सुरू करा, कारण तो जवळजवळ फुकट आहे. बेसमेंटमध्ये येणारा तेलाचा वास अनेकदा बॉयलरपाशीच निघतो: फिल्टरचं गास्केट, व्हॉल्व्हचा सांधा, बर्नरचं नोझल. फिल्टर आणि पाइपच्या प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद पसरा आणि रात्रभर तसाच ठेवा. तेल लाल आहे, डाग लपणार नाही. जोडांवरून टिश्यू पेपर फिरवून पाहा. टाकीकडून भिंतीतून आत येणाऱ्या तांब्याच्या बारीक नळ्या शोधा, त्या कुठे फरशीखालून जातात का ते पाहा. फरशीच्या काँक्रीटमध्ये गाडलेली नळी झिजून गळणं ही नेहमीची तक्रार आहे, आणि अशा वेळी टाकी धडधाकट असूनही तिच्या नावाने खोदकाम होतं. अंगणात फिल पाइपच्या भोवतीची मातीही पाहा. तेल भरताना ओसंडलेलं असेल तर वरच्या वितीभर मातीला वास येतो, खोलवर काही नसतं.

बॉयलर मध्येच बंद पडतो का? टाकीत पाणी शिरलं तर ते बर्नरपर्यंत येतं आणि ज्योत विझते. ओढणारी नळी चिरली असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो, आवाज करतो, बंद पडतो. या दोन्ही गोष्टी सर्व्हिसवाल्याला मुद्दाम विचारा, तो 'टाकी गेली' कशावरून म्हणाला तेही विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. बंद पडलेला बर्नर चालू करायला लाल रीसेट बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. प्रत्येक दाबण्याला आत न जळलेलं तेल साचतं आणि मग ते एकदम पेट घेतं.

तवंगासाठी एक साधी परीक्षा आहे. काडीने तो हलवून पाहा. तुमच्या भागातल्या लोहयुक्त मातीत असे जिवाणू असतात की पाण्यावर तेलासारखीच रंगीत साय धरते. ती काडी लागली की तुटते आणि तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा तवंग काडीच्या मागे वळतो आणि पुन्हा एक होतो. तुमच्याकडे वासही आहे, तेव्हा माझा कल तेलाकडे आहे, पण काडी फिरवून पाहा आणि त्याचा व्हिडिओ करा.

आता तेलाची बिलं. तुम्ही त्यांचे फोटो पाठवलेत हे फार चांगलं केलंत, कारण 'यंदा तेल जास्त लागलं' हे वाक्य एकटं काहीच सांगत नाही. हिवाळा किती कडक होता हे त्यातून वजा करावं लागतं. त्यासाठी इथले तेलवाले डिग्री-डे वापरतात: ६५ अंश फॅरनहाइटमधून त्या दिवसाचं सरासरी तापमान वजा करायचं. सरासरी ३५ असेल तर त्या दिवसाचे ३० डिग्री-डे. दोन डिलिव्हरींमधल्या सगळ्या दिवसांची बेरीज करायची आणि तिला भरलेल्या गॅलननी भागायचं. दोन्ही वेळा टाकी पूर्ण भरलेली असली तरच हा हिशोब जुळतो. उत्तराला ते के-फॅक्टर म्हणतात, आणि तुमची तेल कंपनी तो ठेवतेच, मागितला तर देईल. तुमच्या कागदांवरून, मागच्या हिवाळ्यात एका टप्प्याला २१० गॅलन आणि १,२६० डिग्री-डे, म्हणजे गॅलनमागे ६. यंदा त्याच सुमाराच्या टप्प्याला २४० गॅलन आणि १,२०० डिग्री-डे, म्हणजे ५. थंडी थोडी कमी असूनही तेल जास्त गेलं.

पण यंदा घरात एक बदल झालाय. आधी तुम्ही दोघं कामाला गेलात की थर्मोस्टॅट खाली असायचा. आता सासूबाई दिवसभर घरी आहेत, त्यांना थंडी सोसत नाही, तो दिवसभर वर असणार आणि तसाच असायला हवा. शिवाय तुमचं आंघोळीचं पाणीही याच बॉयलरवर तापतं. फरकाचा काही भाग, कदाचित बराच, यातच जिरतो. खरी ओळख पटते ती सप्टेंबर-ऑक्टोबर आणि एप्रिल-मेच्या आकड्यांत. गळणारी टाकी थंडी पाहून गळत नाही, ती रोजची तेवढीच गळते. म्हणून उबदार महिन्यांत, जेव्हा जाळायला तेल कमी लागतं, तेव्हा गळतीचा वाटा ठळक दिसतो. सासूबाई यायच्या आधीचा, म्हणजे गेल्या सप्टेंबरचा आकडा त्याच्या आधीच्या सप्टेंबरशी ताडून पाहा. तो घसरला असेल तर मला थर्मोस्टॅटचं स्पष्टीकरण पुरणार नाही.

मग मोजपट्टी. सध्या एप्रिल आहे, दोन दिवस हीटिंगशिवाय निघतील. बर्नर बंद करा, तेलाचा व्हॉल्व्ह बंद करा, फिल पाइपमधून लाकडी पट्टी सरळ तळापर्यंत सोडा, अलगद, आपटू नका. टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावा, ती पाणी लागलं की रंग बदलते. रात्री एक नोंद, दुसऱ्या रात्री एक, तिसऱ्या रात्री एक. या पट्टीकडून फार अपेक्षा मात्र ठेवू नका. तुमची टाकी ५५० गॅलनची, म्हणजे साधारण ४ फूट व्यासाची आणि ६ फूट लांब आडवी. अर्धी भरलेली असताना त्यात एका इंचात जवळपास १५ गॅलन मावतात. पट्टी वाचताना इंचाच्या आठव्या भागाची चूक सहज होते, म्हणजे दोनेक गॅलन. पातळी हलली नाही म्हणून टाकी सुटली असं नाही. पातळी स्पष्ट खाली गेली तर मात्र विषय संपला. पावसानंतर तळाचं पाणी वाढलं तर तेही गंभीर आहे, भूजल चढून भोकातून आत येतंय असा त्याचा अर्थ होऊ शकतो. आधी फिल पाइपचं झाकण घट्ट आहे ना ते पाहून घ्या, पावसाचं पाणी तिथूनही शिरतं. आणखी एक पळवाट सांगतो. दोन नळ्यांच्या जोडणीत उरलेलं तेल टाकीकडे परत नेणारी नळी बर्नर चालू असतानाच दाबाखाली असते. ती फुटली असेल तर बर्नर बंद करून केलेली ही परीक्षा काहीच दाखवणार नाही.

मोजमाप झालं की टाकीतलं तेल उपसून घ्या. टाकीत तेलच नसेल तर गळणार काय? संशय आल्यावर करण्यासारखी ही सगळ्यात साधी गोष्ट आहे आणि तीच लोक विसरतात, उलट सवयीने नवी डिलिव्हरी घेतात. उपसलेलं तेल जमिनीवरच्या तात्पुरत्या टाकीत ठेवून बॉयलर चालवता येतो, कंपन्या ती सोय करतात. भूजल फार वर असेल तर रिकामी टाकी जमिनीत उचलली जाऊ शकते, म्हणून उपसल्यावर पुढचं काम महिनोन्महिने लांबवू नका.

आता घराबाहेरचा तपास, आणि इथे पैसे लागतात. न्यू जर्सीत घरगुती तेलाच्या टाक्यांसाठी पर्यावरण संरक्षण खात्याचा वेगळा कार्यक्रम आहे. त्यात काम करायला खात्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि टाकी काढणाऱ्याचं व जमिनीची तपासणी करणाऱ्याचं प्रमाणपत्र वेगवेगळं असतं. तुम्हाला हवा आहे तो दुसरा, सबसरफेस इव्हॅल्युएटर. माझा आग्रह आहे की तो खोदणाऱ्या कंपनीचा नसावा. सगळेच खोदणारे फसवतात असं मुळीच नाही, त्यांतल्या कित्येकांबरोबर मी विश्वासाने काम केलंय. पण मातीच्या टनामागे ज्याला पैसे मिळतात, त्यानेच 'अजून किती टन काढायचे' हे ठरवू नये.

हा माणूस टाकीच्या चारी बाजूंनी मातीत बारीक भोकं पाडतो, हाताच्या ऑगरने (मातीत फिरवायच्या गिरमिटाने) किंवा छोट्या यंत्राने. टाकीचा माथा दोन-तीन फूट खाली असेल तर तळ सहा-सात फुटांवर येतो, म्हणून भोक त्याच्याही खाली जायला हवं. चार फुटांवर थांबलेली तपासणी म्हणजे पैसे पाण्यात. माती बाहेर आली की तो वाफ मोजणारं यंत्र लावतो, वास घेतो, रंग पाहतो आणि सगळ्यात संशयास्पद थरातला नमुना राज्यमान्य प्रयोगशाळेत पाठवतो. तिथे त्यातला पेट्रोलियम हायड्रोकार्बनचा एकूण अंश मोजतात, आणि तो जास्त निघाला तर नॅप्थलीनसारखे घटक. सम्पच्या पाण्याचा नमुनाही त्याच वेळी, प्रयोगशाळेने दिलेल्या काचेच्या बाटलीत, घ्यायला लावा. तुमच्या बाबतीत मला तो मातीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण लक्षण तिथे दिसलंय.

भोकं पाडायच्या आधी ८११ ला फोन करणं कायद्याने सक्तीचं आहे, किमान तीन कामाचे दिवस आधी. ते फुकट येऊन गॅस, वीज, पाण्याच्या लाइन रंगाने आखून देतात. तुमच्या स्वतःच्या लाइन, म्हणजे टाकीच्या तांब्याच्या नळ्या किंवा बागेची पाइपलाइन, ते आखत नाहीत. त्या तुम्हीच दाखवा.

चारी नमुने स्वच्छ आले तरी टाकीच्या थेट पोटाखाली काय आहे ते कळत नाही. तेल अरुंद वाटेने सरळ खाली उतरू शकतं. तुमच्या काउंटीच्या बऱ्याच भागात थोड्याच खोलीवर शेल नावाचा तांबडा ठिसूळ खडक लागतो, त्याच्या चिरांतून तेल अनपेक्षित दिशेला जातं. म्हणून इव्हॅल्युएटरला नुसते नमुने नकोत, उतार, भूजलाची पातळी, सम्पची जागा आणि शेजाऱ्यांची घरं दाखवणारा नकाशाही मागा. आजूबाजूला कुणाची खाजगी विहीर आहे का हे टाउनशिपच्या किंवा काउंटीच्या आरोग्य खात्याकडे विचारा. तुमचं पाणी नगरपालिकेचं आहे, पण शेजाऱ्याचं तसं असेलच असं नाही.

कुणी टाकीत हवा भरून दाबाची टेस्ट सुचवली तर नाही म्हणा. पासष्ट-सत्तर वर्षांच्या जुन्या टाकीत तेल असताना हवेचा दाब देणं म्हणजे भोक असेल तर तेल स्वतःहून बाहेर ढकलणं. निर्वाताची टेस्ट त्यापेक्षा बरी, पण मातीचा नमुना जे सांगतो ते ती सांगत नाही.

आता तुमच्या मिस्टरांशी बोलतो, कारण त्यांची भीती खोटी नाही. गळती निघाली आणि माती बरीच काढावी लागली तर खर्च हजारांतून दहा-दहा हजारांत जातो, आणि भूजलापर्यंत पोचली तर त्याहून पुढे. साहेब, म्हणूनच गप्प बसणं तुम्हाला परवडणार नाही. न्यू जर्सीचा १९७६ चा स्पिल ॲक्ट चूक कुणाची हे न पाहता जबाबदारी टाकतो. तेल तुमच्या कुंपणापलीकडे गेलं तर शेजाऱ्याचा खर्चही तुमच्या दारात येऊ शकतो, आणि तेल दोन वर्षं थांबणार नाही. घर विकताना जो फॉर्म भरायचा असतो त्यात जमिनीखालच्या टाकीचा प्रश्न असतो. त्यावर माहीत असून खोटं लिहिलं की हा प्रश्न टाकीचा न राहता फसवणुकीचा होतो. आणि या राज्यात खरेदीदार टाकीचा शोध घेतल्याशिवाय जुनं घर क्वचितच घेतो, मॅग्नेटोमीटर आणि जमिनीत पाहणारं रडार घेऊन माणूस येतोच.

कळवायचं कधी? टाकीला भोक दिसलं, मातीत किंवा सम्पच्या पाण्यात हीटिंग ऑइल निघालं, की लगेच, त्याच दिवशी, पर्यावरण संरक्षण खात्याच्या हॉटलाइनवर: १-८७७-९२७-६३३७. तवंग जाऊन खड्ड्यात तेलाचा दिसण्याइतका थर आला, तर प्रयोगशाळेची वाट न पाहता फोन करा. ते एक प्रकरण क्रमांक देतात, तो जपून ठेवा. ही पोलिसात तक्रार नव्हे. त्या क्रमांकावरूनच शेवटी 'नो फर्दर ॲक्शन'चं, म्हणजे 'आता आणखी काही करायला नको' असं, पत्र मिळतं, आणि पुढचा खरेदीदार, त्याचा वकील आणि त्याची बँक तेच पत्र मागणार आहेत. गप्प बसून ते कधीच मिळत नाही.

इन्शुरन्स कंपनीला आत्ताच लेखी कळवा, निकालाची वाट न पाहता, कारण उशिरा कळवणं हे दावा नाकारायचं सोपं कारण आहे. नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत गंजलेली टाकी आणि स्वतःच्या जागेतली माती बहुधा वगळलेली असते. पण भूजल किंवा शेजाऱ्याची जागा बाधित झाली तर पॉलिसीचा जबाबदारीचा भाग लागू होऊ शकतो, तो वकिलाकडून वाचून घ्या. तेल कंपनीबरोबर टाकीची वेगळी योजना घेतली होती का, जुन्या मालकाची चालू होती का, हेही शोधा. गळती जुनी असेल तर जुन्या मालकाच्या काळातली पॉलिसीही कामाला येऊ शकते. राज्याचा मदतनिधी आहे, इकॉनॉमिक डेव्हलपमेंट ऑथॉरिटी तो चालवते, त्याच्या सध्याच्या अटी काम सुरू करायच्या आधी वाचा. त्या पैशांवर विसंबून मात्र बेत आखू नका. आणि टाकी काढल्यावर इन्शुरन्सवाल्याला ती पाहायची संधी दिल्याशिवाय भंगारात जाऊ देऊ नका.

वाळू भरायचा सल्ला देणाऱ्यांना एकच विचारा: खालची माती तपासली का? न तपासता टाकीत वाळू किंवा फोम भरून ती जागेवरच सोडली तर ती गळलेली होती की नाही, हे नंतर शोधणं जास्त कठीण आणि जास्त महाग होतं. टाकी घराच्या पायाखाली किंवा डेकखाली असून निघतच नसेल तर भरणं समजू शकतो, तेही मातीचे नमुने घेऊन. तुमची मोकळ्या अंगणात आहे.

तो करार सही न करता परत पाठवा. मला त्यातलं एकच कलम खटकलं, पण तेच महागात पडणारं आहे: 'दूषित माती आढळल्यास प्रति टन दराने काढली जाईल', आणि त्याला कमाल मर्यादा नाही. टाकी काढणं आणि माती स्वच्छ करणं हे दोन वेगळे करार असू द्या. पहिल्या करारात टाउनशिपचं परमिट कोण काढणार, खड्डा उघडा असताना टाउनशिपचा इन्स्पेक्टर येईल, टाकी वर काढल्यावर चारी बाजूंनी फोटो निघतील, नमुने तुमचा इव्हॅल्युएटर घेईल, हे लिहून घ्या. कंपनीकडे प्रदूषणाचा स्वतंत्र विमा आहे का ते विचारा. पुढे माती काढायची वेळ आली तर ट्रकगणिक काट्याची पावती मागा, टनाचा हिशोब त्या पावतीवर होतो. दोन-तीन कोटेशन घ्या. या सगळ्याला काही आठवडे लागतील. तेल उपसलेलं असेल तर तेवढा वेळ तुमच्या हातात आहे.

आणि सगळे निकाल स्वच्छ आले, वास बॉयलरच्या फिल्टरचा निघाला, तरी या उन्हाळ्यात ती टाकी काढाच. १९५७ च्या घरातली टाकी बहुधा घराइतकीच जुनी असणार, यंदा नाही तर पुढे कधीतरी गळेल. पुढे गॅस घ्या, हीट पंप घ्या किंवा जमिनीवरची दुहेरी भिंतीची टाकी घ्या, ते तुमच्या खिशाप्रमाणे ठरवा. टाकी जाईल त्याच दिवशी अंगणातला फिल पाइप आणि व्हेंट पाइप मुळापासून काढून घ्या आणि तेल कंपनीचं आपोआप डिलिव्हरीचं खातं लेखी बंद करून त्याची पोच मागा. टाकी काढून टाकलेल्या घरी जुन्या यादीवरून ट्रक येतो, ड्रायव्हरला पाइप दिसतो, तो नळी जोडतो, आणि शेकडो गॅलन तेल सरळ बेसमेंटमध्ये ओततो. असं या देशात पुष्कळदा झालेलं आहे.